सिंकचं तोंड एकीकडे, भिंतीतला पाईप दुसरीकडे : कसं जोडावं?

परसदार
मंडळी, नमस्कार. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराचं काम काढलंय. ओटा नवा, सिंक नवं. भिंत मात्र आजेसासऱ्यांच्या काळातली, तांबड्या दगडाची, दीड हात जाड. जुन्या मोरीचा बिडाचा पाईप त्याच भिंतीतून परसात जातो. ओटा बसल्यावर काल वाकून खाली बघितलं, तर सिंकचं तोंड आणि भिंतीतल्या पाईपाचं तोंड समोरासमोर नाहीतच. टेप लावला. बाजूला साडेसहा सेंटीमीटर फरक. सिंकच्या जाळीपासून पाईपाच्या मध्यापर्यंत उंची ३४ सेंटीमीटर. शेजारी ओट्याला आधार म्हणून कडाप्पा उभा केलाय, त्यामुळे त्या बाजूनं हात घालायला जेमतेम चार बोटं जागा.

मेस्त्री म्हणतात, “वहिनी, स्प्रिंगचा वेस्ट पाईप लावतो, पाहिजे तसा वळतो. तोंडाशी सिमेंट भरतो, काम झालं.” अनगोळला नणंदेकडे असंच केलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात वास सुटला म्हणून पाईप काढला तेव्हा मी तिथेच होते. आतल्या प्रत्येक वळीत पांढरी चरबी आणि भाताची शितं बसलेली, आणि मधे पोट सुटून पाणी साचलेलं. तो वास अजून नाकात आहे. मला तो पाईप नको आहे. भिंतही फोडायची नाही, कारण दगड मातीत बसवलेले आहेत. एक निघाला की शेजारचे दोन हलतात.

अशा अडचणीच्या जागेत सरकलेली दोन तोंडं जोडायला नेमकं काय मिळतं? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

गणपतगल्ली
ताई, फोटो टाका. वरून एक आणि आडवा एक.

मळ्यातला
आमच्या येळ्ळुरात हे दरवर्षीचंच हाय. काळी जमीन. पावसात फुगतीय, उन्हाळ्यात अशी भेगाळतीय की हात आत जातोय. बासमतीला ती माती सोन्यासारखी, पण घराच्या पाईपाला वैरीण. परसातल्या चेंबरचा पाईप तीन बोटं खाली बसला आमच्यात. आता घरातलं पाणी चेंबरमधी न पडता भायेर मुरूलालंय. तुमचं निदान भिंतीत तरी पक्कं हाय.

नळकाम_अनगोळ
ताई, मी हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

साडेसहा सेंटीमीटर बाजूला म्हणजे काळजीचं काही नाही. ते अंतर पी-ट्रॅपच, म्हणजे वास अडवायला पोटात पाणी धरून ठेवणारी वळणाची नळीच, खाऊन टाकेल. दुकानात ४० मिलीमीटरचा, नटांचा पी-ट्रॅप मागा, डिंक लावून जोडायचा नको. त्यात सिंककडून येणारी उभी नळी, खाली इंग्रजी यूसारखी नळी आणि त्या यूच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे जाणारा बाक, म्हणजे वळणाचा तुकडा, असतो. यूच्या दोन्ही टोकांना नट असतात. नट सैल असताना यू उभ्या नळीभोवती दाराच्या बिजागरीसारखा फिरतो, आणि पुढचा बाक यूभोवती फिरतो. दोन बिजागऱ्या झाल्या. पहिली फिरवून यूचं दुसरं टोक भिंतीतल्या पाईपाच्या रेषेत आणायचं. दुसरी फिरवून बाक सरळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. मग दोन्ही नट आवळायचे. हातानं आवळून वर पाव फेरा, बास. पान्ह्यानं जोर केला की प्लास्टिकचे आटे जातात.

फक्त यूच्या दोन तोंडांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, तुमच्या साडेसहापेक्षा जास्त पाहिजे. कमी असलं तर पोचणार नाही. दुकानात टेप घेऊनच जा. उंची जमवायला उभी नळी कापता येते, भिंतीपर्यंतचं अंतर जमवायला आडवी नळी कापता येते. म्हणजे बाजू, उंची, खोली, तिन्ही एकाच वस्तूत बसलं.

निपाणीकर
स्प्रिंग पाईपला एवढं वाईट म्हणू नका. आमच्या घरी सहा वर्षं आहे, एकदाही तुंबला नाही. सिंकमध्ये खरकटं जाऊ देत नाही, जाळी रोज साफ करतो. पाईप ताणून बसवलाय, लोंबत नाही.

नळकाम_अनगोळ
निपाणीकर, तुमचं खरं असणार. ताणून बसवला आणि जाळी नेटकी असली तर टिकतो. पण तोंडं समोरासमोर नसली की तो ताणून बसत नाही, इंग्रजी एससारखा वळतो, आणि खालच्या वळणात पाणी थांबतं. ताईंच्याकडे अडचण तीच आहे. शिवाय कडाप्प्यामागे गेलेला पाईप वर्षानं कोण काढून धुणार?

उद्यमबाग_ओतकाम
माझी सूचना भिंतीतल्या बिडाच्या पाईपाबद्दल. मी फौंड्रीत आहे, माझे वडीलही होते, म्हणून बिडावर जीव आहे.

सगळे ट्रॅपबद्दल बोलताहेत, पण खरी अडचण पुढे आहे. पीव्हीसीची नळी बिडाच्या तोंडात कशी बसवायची? बिडाच्या पाईपाचा बाहेरचा व्यास आणि पीव्हीसीचा व्यास जुळत नाहीत. नाव दोन्हीचं ‘दोन इंची’ असलं तरी नाही. मेस्त्री मोकळ्या जागेत सिमेंट भरतात. सिमेंट कडक, पीव्हीसी गरम-गार पाण्यानं लांबते-आखडते. काही महिन्यांत नळीभोवती केसाएवढी फट पडते आणि तिथून झुरळं येतात.

पूर्वी हा सांधा कसा व्हायचा ते सांगतो. एका पाईपाच्या बोडक्यात, म्हणजे रुंद तोंडात, दुसऱ्याचं टोक घालायचं. भोवती तागाचा पीळ छिन्नीनं ठोकून दाबायचा. वर वितळलेलं शिसं ओतायचं, निवलं की परत छिन्नीनं चौफेर ठोकायचं. वडिलांच्या हाताखाली मी पीळ धरायला असायचो. छिन्नीचा आवाज बदलला, ‘टप’चा ‘टण’ झाला, की ते म्हणायचे, आता बसलं. शिशाच्या सांध्यात पाईप किंचित वाकडा असला तरी सामावून जायचा. पण पीव्हीसीवर ही रीत चालत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पीव्हीसी ८०च्या आसपासच मऊ पडू लागते.

आता रबरी कपलिंग मिळतं. जाड रबराची बाही आणि दोन्ही टोकांना स्टेनलेस पट्टीचे क्लॅम्प. दोन बाजूंना दोन वेगळे व्यास असलेलंही मिळतं, एक बाजू बिडासाठी, दुसरी पीव्हीसीसाठी. भिंतीबाहेर बिडाचा पाईप किती आलाय ते बघा. चार-पाच सेंटीमीटर तरी हवा. गंज तारेच्या ब्रशनं काढा, पाईप चकचकीत होऊ दे. मग व्हर्नियरनं, म्हणजे जबड्यात धरून माप घ्यायच्या पट्टीनं, बाहेरचा व्यास मोजा. व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळा, घेर मोजा, त्याला ३.१४नं भागा.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. रबरी कपलिंग थोडा कोन सोसतं. दोन पाईप शेजारी शेजारी सरकलेले असतील तर ते त्याचं काम नाही. तसं जबरदस्तीनं बसवलं तर आत पायरी होते आणि त्या पायरीवर सगळं अडतं. सरक आधी ट्रॅपनं किंवा बाकानं काढायची, मगच कपलिंग.

गणपतगल्ली
काका, ‘टप’चा ‘टण’ वाचून अंगावर काटा आला. कुकरच्या शिट्टीवरून डाळ ओळखतात तसं.

टिळकवाडी_निवृत्त
ताई, मी बांधकाम खात्यात होतो. एक प्रश्न आधी विचारतो. परसात पाईप कुठे पडतो? गली ट्रॅपमध्ये, म्हणजे परसातल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, पडत असेल तर वास अडवणारा पाण्याचा अडसर तिथे आधीच आहे. सिंकखाली दुसरा पी-ट्रॅप लावला आणि मधे हवा जायला वाट नसेल, तर दोन अडसरांमध्ये हवा कोंडते. पाणी गुळगुळ करत हळूहळू उतरतं. माझ्या मते सिंकखाली सरळ नळी ठेवा, परसातला ट्रॅप पुरे.

नळकाम_अनगोळ
अण्णा, तुमचा मान राखून सांगतो, इथे माझं मत वेगळं आहे. जुन्या घरांत गली ट्रॅपपर्यंतचा बिडाचा पाईप आठ-दहा फूट असतो. आतून त्याला वर्षानुवर्षांचा थर. ट्रॅप नसला तर त्या थराचा वास सरळ ओट्यावर येतो. हवा कोंडायची भीती असेल तर सिंकचा पाईप गली ट्रॅपच्या जाळीच्या वर मोकळा सोडा, पाण्यात बुडवू नका. तिथेच हवा मोकळी होते.

टिळकवाडी_निवृत्त
पाण्याच्या वर मोकळा सोडलेला असेल तर तुमचं बरोबर, मी हरकत मागे घेतो. बुडालेला असेल तर माझं बरोबर. ताई, बाहेर जाऊन बघा आणि कळवा.

उताराचंही सांगतो. ५० मिलीमीटरच्या पाईपाला साधारण चाळीसाला एक, म्हणजे मीटरला अडीच सेंटीमीटर उतार द्या. त्याहून फार कमी नको. सिंकपासून भिंतीपर्यंतचा तुकडा लहान आहे म्हणून लोक तो सपाट ठेवतात. चरबी नेमकी तिथेच बसते.

खानापूरची_सून
आमच्याकडे झालेली चूक सांगते, म्हणजे कुणी परत करणार नाही. न्हाणीचा पाईप आणि बाहेरचा पाईप चार बोटं सरकलेले होते. ऑगस्ट २०१९च्या पावसात परसाची भिंत खचली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या गवंड्यानं पीव्हीसीचा पाईप शेगडीवर तापवला आणि हातानं वाकवला. सुंदर वळला, आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. पुढच्या उन्हाळ्यात वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभी चीर गेली. काढून बघितला तर बाहेरच्या बाजूला पाईप कागदासारखा पातळ झालेला, आतल्या बाजूला चुण्या. मग त्याच जागी ४५ अंशांचे दोन बाक लावले. तापवू नका हो पाईप.

मळ्यातला
आमच्या चेंबरला बी दोन ४५च लागतील काय मग?

नळकाम_अनगोळ
व्हय भाऊ. तीन बोटं म्हणजे पाच-साडेपाच सेंटीमीटर धरा. दोन पाईप एकाच दिशेला तोंड करून आहेत पण सरकलेत, अशा वेळी ४५ अंशांचे दोन बाक उलटसुलट लावायचे. हिशेब सोपा: सरक गुणिले १.४१, म्हणजे दोन बाकांच्या मध्यबिंदूंमधलं तिरकं अंतर. साडेपाच सरक असेल तर ७.८ सेंटीमीटर. त्यातून प्रत्येक बाकाच्या मध्यापासून आतल्या थांब्यापर्यंतचं अंतर वजा केलं की मधल्या तुकड्याची लांबी मिळते. हे अंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून बाक हातात घेऊन मोजा.

सरक कमी आणि जागाही कमी असेल तर एका बाजूला सॉकेट, म्हणजे रुंद तोंड, आणि दुसऱ्या बाजूला साधं टोक असलेले बाक घ्या. एकाचं टोक दुसऱ्याच्या सॉकेटात थेट बसतं, मधे तुकडा लागत नाही. असे दोन जोडून एकत्र फिरवले की पुढचं तोंड वर्तुळात फिरतं. खाली, वर, डावीकडे, तिरकं, जिथे पाहिजे तिथे नेता येतं. आणि ९०चे दोन एल्बो लावू नका. पाणी दोनदा आपटतं, आणि तुंबलं तर तार आत जात नाही.

जमिनीखालच्या सांडपाण्याला आयएस १५३२८ छापलेला पाईप घ्या. इमारतीतल्या सांडपाण्याला एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी नेणारा पाईप. त्यावर आयएस १३५९२ छापलेलं असतं. त्यातला ‘टाईप बी’ मैलापाण्या-सांडपाण्याचा, ‘टाईप ए’ हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या नळ्यांचा. तुमच्या काळ्या जमिनीत रबर रिंगचा सांधा बरा, थोडी हालचाल सोसतो. पाईपाचं टोक कानशीनं उतरतं करा, नाहीतर रिंग आत मुडपते. टोकाला साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, रबर फुगतं. पूर्ण आत ढकलून खूण करा आणि सेंटीमीटरभर मागे ओढा.

कॅम्पातली
विषय थोडा बदलतेय, माफ करा. माझ्याकडे कमोडचं असंच आहे. जमिनीतल्या पाईपाचा मध्य आणि कमोडच्या तोंडाचा मध्य दोन सेंटीमीटर सरकलाय. दुकानदार म्हणतो फरशी फोडा.

नळकाम_अनगोळ
फोडू नका ताई. ‘एक्सेंट्रिक पॅन कनेक्टर’ मागा. त्याची दोन तोंडं एका मध्यावर नसतात, मुद्दाम सरकवलेली असतात. गोल फिरवला की पाहिजे त्या बाजूला सरक मिळते. बसवायच्या आधी कोरडाच ठेवून, कमोड वर ठेवून बघा.

गणपतगल्ली
एक गंमत सांगतो. काल दुकानात हेच मागायला गेलो. मी म्हणालो मोरीचा पाईप, शेजारचे गिऱ्हाईक म्हणाले न्हाणीचा, आणि तिसरे आजोबा कन्नडमध्ये बच्चल म्हणाले. दुकानदारानं न विचारता तिघांसमोर एकच ट्रॅप ठेवला. तिघंही हसलो.

खानापूरची_सून
माझ्या आईकडे मोरी म्हणजे भांडी घासायची आणि न्हाणी म्हणजे आंघोळीची. सासरी दोन्हीला न्हाणीच. पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, भांडी न्हाणीत ठेव, तर मी आंघोळीच्या जागी नेऊन ठेवली होती.

परसदार
सगळ्यांचे आभार. बाहेर जाऊन बघितलं. गली ट्रॅप आहे आणि बिडाचा पाईप जाळीच्या वर मोकळा पडतो. टिळकवाडीच्या काकांना आणि अनगोळच्या दादांना दोघांनाही कळवते. पाईप भिंतीबाहेर आतल्या अंगाला सहा सेंटीमीटर आलाय. दोऱ्यानं घेर मोजला, १९.२ सेंटीमीटर. म्हणजे व्यास ६.१ आला. बरोबर ना?

पण नवी अडचण. मेस्त्रींनी घाईत एक पीव्हीसीचा तुकडा सिमेंटनं त्या तोंडात आधीच बसवून टाकलाय. आता तो कापायला करवत आत जात नाही.

उद्यमबाग_ओतकाम
६१ मिलीमीटर, बरोबर. कपलिंग घेताना त्यावर लिहिलेल्या मापात ६१ बसतंय ना, हे वाचूनच घ्या.

नळकाम_अनगोळ
करवत जात नसेल तर दोरीनं कापा. नायलॉनची दणकट, बारीक दोरी घ्या. पाईपाच्या मागून ओवा, दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरा आणि ताकासारखं घुसळा. घर्षणानं पीव्हीसी वितळून कापली जाते, मिनिट-दोन मिनिटांत. एकाच जागी न घासता दोरी लांबपर्यंत ओढा, नाहीतर दोरीच तुटेल. काप पाईपाशी काटकोनात ठेवा. आत उरलेलं सिमेंट बारीक छिन्नीनं हलक्या हातानं काढा. बीड जोरात ठोकलं तर तडकतं.

निपाणीकर
दोरीनं पाईप कापता येतो हे आजच कळलं. रविवारी करून बघणार.

टिळकवाडी_निवृत्त
अजून एक विनंती. जिथे जोड आहे तिथपर्यंत हात पोचेल अशी झडप ओट्याखालच्या फळीत ठेवा. पान्हा फिरेल एवढी. आणि भाताची उकळती पेज सिंकमध्ये ओतू नका. वर उद्यमबागच्या गृहस्थांनी ८० अंशांचं लिहिलंय. पेज त्याच्या वरच असते, आणि निवली की खळ होऊन चिकटते.

परसदार
काका, पेज आमच्याकडे मुलं पितात, सिंकपर्यंत पोचतच नाही!

परसदार
पाच दिवसांनी लिहितेय. काम झालं.

दोरीनं पाईप कापताना मी आणि मेस्त्री दोघं ओट्याखाली आडवे. ते दोरी ओढत होते, मी बॅटरी धरली होती. जळक्या प्लास्टिकचा वास आला, पांढरी भुकटी सांडली आणि तुकडा अलगद हातात आला. मेस्त्रीच म्हणाले, “वहिनी, हे कोण शिकवलं हो तुमास्नी?”

दुकानात तीन पी-ट्रॅप बघितले. दोघांचं यूचं अंतर साडेसहापेक्षा कमी भरलं, तिसऱ्याचं आठ भरलं, तो घेतला. घरी आणून आधी कोरडाच लावला. यू फिरवला, बाक फिरवला, आणि आडवी नळी बिडाच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली. इतके दिवस ज्यासाठी डोकं फोडत होते ते हातानं फिरवून झालं, मला खरंच भरून आलं. कपलिंगचे क्लॅम्प मेस्त्रींनी थोडा एक, थोडा दुसरा असे सारखे आवळले. नळीला दीड सेंटीमीटर उतार दिलाय, लेव्हलची बाटली ठेवून बघितलं.

मग सिंक काठोकाठ भरलं आणि बूच काढलं. प्रत्येक नटाखाली कोरडा कागद ठेवला होता. एक कागद ओला झाला. यूच्या सिंककडच्या नटाखाली वॉशर उलटा बसला होता. काढून त्याची उतरती बाजू सांध्याकडे केली. परत भरलं, सगळे कागद कोरडे. पाणी सरसर गेलं, शेवटी एकदाच गुळगुळ आवाज आला.

बिडाच्या पाईपाला हात लावला नाही, भिंत आहे तशी आहे.

उद्यमबाग_ओतकाम
वा ताई. तो पाईप अजून तुमच्या नातवंडांना पुरेल.

मळ्यातला
ताई, तुमचे मेस्त्री येळ्ळूरला येतील काय? चेंबरचं काम पाऊस लागायच्या आधी उरकूया म्हणतोय. दोन ४५चे बाक मी आणून ठेवतो, दोरी बी ठेवतो.

परसदार
विचारलं. बुधवारी सकाळी येतो म्हणाले. तुम्ही फक्त सरक मोजून ठेवा, आणि परवाचा कुंदा उरलाय, तो त्यांच्या हाती पाठवते.